तिसऱ्याचा नंबर

माझी आत्या खोटं बोलत नाही. समोरच्याला त्रास होईल इतकं खरं बोलते. कुणी हौसेने नवे कपडे घालून दाखवले, तर "तुला शोभत नाहीत" म्हणून मोकळी होते. अशी बाई मनाने रचून गोष्ट सांगेल, हे होणे नाही.

म्हणून हे लिहितेय.

दिवस बुधवारचा. वेळ दुपारी पावणेचारची. तिसरा मजला, जिन्याच्या टोकाचं शेवटचं दार.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. खाली रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. आत्या म्हणते, रात्र असती तर निदान मनाची समजूत तरी घालता आली असती...

पण आधी तो कॉम्प्युटर घरात कसा आला, ते सांगायला हवं.

आत्या तेव्हा बारा वर्षांची होती. धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याला सगळे टिल्लू म्हणायचे. आज त्याच्या डोक्यावर चंद्र उगवलाय, तरी तो टिल्लूच आहे. हा टिल्लू म्हणजे माझे वडील. तेव्हा त्याच्या जिवाची काळजी करू नका. तो शिकला, नोकरीला लागला, दोन मुलांचा बाप झाला.

आजोबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे. तिरप्या फळीवर मोठा कागद ताणायचा आणि शाईने जमिनीखालच्या पाइपांच्या रेषा ओढायच्या. वीस वर्षं हेच. मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, सहा महिन्यांनी नकाशे कॉम्प्युटरवर काढायचे. परीक्षा होईल. ज्याला जमेल तो राहील. ज्याला जमणार नाही...

साहेबांनी ते वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी आजोबा चहाला हात न लावता गॅलरीत उभे राहिले. आजी टेलिफोन ऑफिसात दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायची. समोरचा जे बोलत नाही तेही तिला ऐकू यायचं.

"घरी आणा एक," ती म्हणाली. "शिका. माणसानेच बनवलाय ना मेला?"

नवा परवडणार नव्हता. बाजाराच्या मागे जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा एक जण होता, त्याच्याकडे आजोबा गेले. त्याने एक दाखवला. पिवळट पांढरा डबा, वर टीव्हीसारखा जाडजूड मॉनिटर.

"एका घरातनं आलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "मुलासाठी घेतलेला. फारसा वापरलाच गेला नाही."

का, ते आजोबांनी विचारलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मॉनिटरवर होतं.

टॅक्सीतून आणताना मॉनिटर त्यांनी मांडीवर घेतला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः उचलून आणला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घामाने निथळत होते, पण चेहरा असा की जणू नवी नवरी घेऊन आलेत.

मधल्या खोलीत भिंतीला टेबल लावलं. आजीने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. त्या खोलीत चप्पल बंद, खाणं बंद, मोठ्याने शिंकणंसुद्धा बंद!

आणि सुरू केला की...

आधी आतला पंखा घुमायचा. मग काळ्या पडद्यावर हिरवे आकडे भराभर वर चढायचे. मग फ्लॉपीच्या खाचेतून कर्र... कर्र... असा आवाज. आणि शेवटी एक हिरवी रेघ. लुकलुकणारी. तुम्ही काहीतरी लिहाल म्हणून वाट बघणारी.

आत्या आजही हे सांगताना हसते. म्हणते, "आयुष्यात खूप वस्तू घेतल्या गं. पण पहिल्यांदा मी माझं नाव लिहिलं आणि ते काचेच्या आत उमटलं, तसा आनंद पुन्हा कशाचाच झाला नाही." शेजारच्या बायका हात पुसत बघायला यायच्या. मजल्यावरची पोरं दारात रांग लावायची. टिल्लू त्यांना सांगायचा, "लांबून बघा. हवा लागली तर बिघडतो."

संध्याकाळी सात ते नऊ आजोबांचा अभ्यास. दुपारी मुलांचा खेळ.

खेळ एकच होता. एक बुटका माणूस एका घरात शिरतो. किल्ल्या शोधतो, दारं उघडतो. प्रत्येक दारामागे नवी खोली. संपेल तेव्हा पडद्यावर यादी यायची, कुणी किती दारं उघडली त्याची. पहिली ओळ ताईची, म्हणजे आत्याची, दुसरी टिल्लूची.

आता एक खुर्ची आणि दोन मुलं म्हटल्यावर भांडणं आलीच. टिल्लूचा भोंगा तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. शेवटी आजीने स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर आणून टेबलावर ठेवला. लाल, गोल, टिकटिक करणारा.

"अर्धा तास ताईचा नंबर. मग अर्धा तास टिल्लूचा. घंटा वाजली की उठायचं. जो उठणार नाही, त्याचा दुसऱ्या दिवशीचा नंबर बंद."

साडेतीनला शाळेतून यायचं, सहाला आईबाबा येईपर्यंत नंबर लावून खेळायचं. खुर्ची आजोबांच्या ऑफिसातून आलेली, रेक्झिनच्या जाड गादीची. बसलं की गादीतली हवा निघायची... फुस्स. उठलं की पुन्हा हवा भरायची... फुस्स. त्या आवाजावरून घरात कुठेही असलं तरी कळायचं, कोण बसलं, कोण उठलं.

दीड महिना असा मजेत गेला.

मग एक दिवस आत्या स्वयंपाकघरात दूध गरम करत होती. नंबर टिल्लूचा होता. घंटा वाजली. खुर्ची वाजली... फुस्स. टिल्लू उठला, असं तिला वाटलं.

आणि लगेच पुन्हा... फुस्स.

कुणीतरी बसलं.

"टिल्लू! चिटिंग नको हं!" म्हणत ती बाहेर आली.

टिल्लू खुर्चीवर नव्हता. खुर्चीच्या बाजूला हात मागे बांधून, शाळेत उभा राहतो तसा उभा होता. नजर पडद्यावर.

पडद्यावरचा बुटका चालत होता.

"थांब ना ताई. नंबर चालू आहे."

"कुणाचा?"

"त्याचा."

आत्याला वाटलं, जास्त वेळ खेळायला मिळावा म्हणून ही नवी शक्कल. तिने त्याला बाजूला केलं आणि खुर्चीवर बसली.

फुस्स... झालंच नाही.

गादी आधीच दबलेली होती.

ती ताडकन उठली. मग गादी सावकाश फुगली. पडद्यावर बुटका थांबला आणि यादी आली. ताई. टिल्लू. आणि खाली तिसरी ओळ. नावाची जागा कोरी... पुढे नुसता आकडा. दारं, अकरा.

त्या दोघांना तोवर सातच्या पुढे जाता आलं नव्हतं.

आत्याने कुणाला सांगितलं नाही. आजोबांच्या परीक्षेला थोडे महिने उरले होते. कॉम्प्युटरबद्दल काही वेडंवाकडं बोललं तर बाबांच्या तोंडचं पाणी पळेल, हे बारा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, तो आपल्याकडून काढून घेतील ही भीती जास्त होती.

मग ते रोजचंच झालं. ताईचा नंबर, टिल्लूचा नंबर, आणि मग... तिसऱ्याचा.

त्याचा नंबर सुरू झाला की आत्याला तो डोळ्यांना दिसायचा नाही. पण ऐकू येणं बंद व्हायचं. इमारतीसमोर सुताराचा कारखाना होता, तिथे लाकूड कापायची मशीन दिवसभर किंचाळायची. ती गप्प व्हायची. डोक्यावरचा पंखा फिरायचा, पण घरघर नाही. टायमरचा काटा सरकायचा, पण टिकटिक नाही. तिने एकदा मुद्दाम टाळी वाजवून पाहिली.

हात एकमेकांवर आपटलेले कळले...

आवाज आला नाही.

टिल्लूला मात्र भीती कशी ती वाटायची नाही. उलट तो शहाण्यासारखा बाजूला उभा राहायचा. कधी मान हलवायचा, कुणी काही सांगितल्यासारखा.

"तो काय बोलतो?" आत्याने एकदा विचारलं.

"जास्त नाही बोलत. त्याला खेळायचं होतं, पण त्याचा नंबरच आला नाही म्हणे. सगळं आणून ठेवलं होतं. मग नंबरच आला नाही."

"म्हणजे काय?"

टिल्लूने खांदे उडवले. "मला काय माहीत? पण वाईट वाटतं ना गं, ताई."

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

एक दिवस टिल्लूने अर्धा पेला दूध तसंच ठेवलं. आत्या रागावली, तर म्हणाला, "उरलेलं पिण्याचा त्याचा नंबर आहे."

दुसऱ्या आठवड्यात तो दुपारभर पलंगाशेजारी उभाच राहिला. डोळे झोपेने मिटत होते, पण आडवा होईना. "पलंगाचा त्याचा नंबर आहे. घंटा वाजली की मी झोपेन."

आजीला वाटलं, पोर खेळाच्या नादात बिघडत चाललंय. तिने धपाटा घातला. टिल्लू रडला. नखं कुरतडायला लागला. मग रडत रडत म्हणाला,

"मी नाही म्हटलं तर तो म्हणतो, आजीने... आईने सांगितलंय ना, सगळ्यांचा सारखा नंबर."

बोलताना तो एकदा अडखळला होता. आईला तो आजी म्हणून गेला होता. त्या घरात तेव्हा आजी कुणी नव्हती. असलीच तर त्या तिसऱ्याच्या घरी.

मग तो बुधवार आला.

त्या दिवशी आत्याला वर्गात पंधरा मिनिटं जास्त थांबावं लागलं. टिल्लू एकटाच पुढे गेला. घराची किल्ली त्याच्या गळ्यात होती. शाळेच्या फाटकातून ती जवळजवळ पळतच सुटली. का, ते तिला सांगता येत नाही. जीव थाऱ्यावर नव्हता, एवढंच.

कारखान्याची मशीन किंचाळत होती. जिन्यात बायका बोलत होत्या. ती तिसऱ्या मजल्यावर आली. दार लोटलेलं होतं. बाहेर टिल्लूचे बूट नीट जोडून ठेवलेले.

टिल्लू बूट कधीच जोडून ठेवायचा नाही.

तिने दार ढकललं. आत पाऊल टाकलं...

आणि सगळे आवाज बंद.

मशीन नाही. बायका नाहीत. पंखा गरगर फिरतोय, आवाज नाही. कॉम्प्युटर चालू. हिरवी रेघ लुकलुकतेय. खुर्ची रिकामी.

"टिल्लू?"

आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"ताई, आलीस?" स्वयंपाकघरातून टिल्लू म्हणाला. "दूध दे ना. भूक लागलीय."

तिचा जीव भांड्यात पडला. दप्तर खाली ठेवून ती स्वयंपाकघराकडे निघाली. एक पाऊल... दुसरं...

"ताई, तिकडे नको जाऊ."

आवाज अगदी जवळून आला. हळू, दबका.

तोही टिल्लूचाच.

टेबल आणि भिंत यांच्यामध्ये वायरींसाठी सोडलेली वीतभर फट होती, मॉनिटरच्या मागे. त्या फटीत, वायरींमध्ये, भिंतीला पाठ चिकटवून टिल्लू उभा होता. शाळेच्या कपड्यात. गालावर रडून वाळलेले ओघळ.

"तू... इथे काय करतोयस?"

"त्याचा नंबर चालू आहे."

"कशाचा?"

टिल्लूने स्वयंपाकघराकडे बघितलं.

"टिल्लू व्हायचा."

स्वयंपाकघरात काहीतरी सरकल्याचा आवाज आला. त्या मुक्या घरात तेवढाच एक आवाज...

"ताई? कुणाशी बोलतेयस गं?" तिकडून विचारलं. "अगं, मी इकडे आहे."

दारातून फरशीवर एक सावली आली. आठ वर्षांच्या मुलाएवढी.

आत्या म्हणते, तिला विचार करायला वेळच नव्हता. तिने फटीत हात घातला, मनगट धरलं आणि टिल्लूला बाहेर ओढलं. तो गरम होता, घामेजला होता, थरथरत होता. त्याला छातीशी धरून ती खुर्चीकडे वळली. खुर्चीत बसावं तर गादी पुन्हा दबलेली. तिने टायमर उचलला आणि काटा जोर लावून शून्यावर फिरवला.

घंटा खणखणली.

"वेळ संपली!" ती ओरडली. "तुझा नंबर संपला! आता माझा नंबर!"

सावली हलली नाही.

"ताई..." स्वयंपाकघरातला आवाज रडवेला झाला. "मी काय केलं?"

"नंबर संपला! घंटा वाजली की उठायचं, आईने सांगितलंय!"

फुस्स...

गादी फुगली. सावली गेली. आणि एकदम सगळं परत आलं. मशीनची किंचाळी, पंख्याची घरघर, जिन्यातलं हसू.

आत्या टिल्लूला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. टायमर पुन्हा तीसवर लावला. अर्ध्या तासाने घंटा वाजायच्या आत पुन्हा तीसवर. पुन्हा तीसवर. आठ वर्षांचा घोडा मांडीवर घेऊन तिच्या पायांना मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. टिल्लूने तिच्या गळ्यात हात घट्ट घातले होते. त्याचं काळीज तिच्या छातीवर धडधडत होतं.

आणि सगळा वेळ तिच्या मागे कुणीतरी उभं होतं.

हात मागे बांधून. शहाण्यासारखं.

वाट बघत.

सहा वाजता दाराची घंटी वाजली. आई! आत्याने टिल्लूला खुर्चीवर ठेवलं आणि दार उघडायला धावली. पळता पळता मागे खुर्ची वाजली... फुस्स. ती उठली म्हणून वाजली असणार.

आजीच्या कमरेला मिठी मारून ती इतकी रडली की आजीची पाचावर धारण बसली. नीट काही सांगता येईना. आजी स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, "हे स्टूल कुणी ओढलं गं?"

दुधाच्या कपाटाखाली स्टूल होतं. ओट्यावर एक रिकामा पेला.

टिल्लू खुर्चीवर बसून पाय हलवत होता. "काय झालं ताईला?" त्याने विचारलं.

त्या रात्री आत्याने आजोबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खेळून खेळून डोक्यात गेलंय तुझ्या. दुपारचा खेळ बंद. पण माझी परीक्षा होईस्तोवर तो घरात राहू दे, बाळा. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

महिना राहिलाच नाही. दोन दिवस राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी आजोबा नकाशाचा सराव करत होते. आजी दोन्ही मुलांना घेऊन शेजारी गेली होती. मध्येच कुणीतरी हळूच म्हणालं,

"बाबा, माझा नंबर कधी?"

"झालंच. दहा मिनिटं," आजोबा म्हणाले. नजर पडद्यावर.

मग त्यांचा हात थांबला.

आवाज समोरून आला होता. मॉनिटरच्या मागून. ते वाकले. फटीत पाहिलं. कुणी नव्हतं. नुसत्या वायरी... आणि भिंतीवर, साधारण आठ वर्षांच्या मुलाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, ओलसर डाग.

रात्री ते आजीला हे सांगत असताना आत्याने अंथरुणातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर टॅक्सीत घातला आणि परत देऊन आले. पैशांचा विषयही काढला नाही. दुरुस्तीवाल्याने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "घरातले सगळे ठीक आहेत ना?"

"आहेत," आजोबा म्हणाले.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रोज रात्री आठपर्यंत थांबून त्यांनी सराव केला, आणि परीक्षा पास झाले. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. टिल्लूही सुधारला. नखं कुरतडणं थांबलं. भोंगा थांबला. भांडण म्हणून कधी नाही. शेजारणी आजीला म्हणायच्या, "तुमचा मुलगा किती गुणी झालाय हो!"

आत्याने तेवढं मिटलं म्हणून मानलं होतं. इतकी वर्षं.

मग गेल्या वर्षी आमच्या घरी, जेवणं झाल्यावर, माझ्या वडिलांनी आपण होऊन त्या कॉम्प्युटरच्या आठवणी काढल्या. अगदी खुशीत होते. हिरवी रेघ, फ्लॉपीचा कर्र आवाज, आजीचा टायमर. आत्याही हसत होती. तिने जरा घाबरतच विचारलं,

"टिल्लू, तुला तो बुधवार आठवतो का रे?"

"आठवतो की!" वडील म्हणाले. "त्याचंच तर मला कोडं आहे. मी काय केलं होतं गं? मला भूक लागलेली. स्टूल ओढलं, पेला काढला, तुला हाका मारतोय, दूध दे, दूध दे. आणि तू बाहेरून ओरडतेस, तुझा नंबर संपला! मला रडूच आलं. किती रागावली होतीस."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. मी समोरच बसले होते, मी पाहिला.

"तू... स्वयंपाकघरात होतास?"

"मग कुठे असणार?"

"आणि मग?"

"मग तू मला उचलून मांडीवर घेतलंस, नाही का?" ते जरा थांबले. आठवायचा प्रयत्न करत होते. "नाही... मांडीचं नाही आठवत. मी मागे उभा होतो. बराच वेळ. सहाला आई आली, तू उठलीस, आणि मग मी बसलो."

सहज बोलून गेले, आणि पाणी प्यायला उठले.

त्या दिवशी जाताना आत्याने मला जिन्यात थांबवलं आणि हे सगळं पहिल्यांदा सांगितलं.

"मी फटीतल्याला बाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "माझ्या छातीवर त्याचं काळीज धडधडत होतं गं. ते खोटं नव्हतं. मी उठायला नको होतं..."

मी तिची समजूत घातली. म्हटलं, आठ वर्षांचं पोर, घाबरलेलं. आठवणी इकडच्या तिकडे होतात. स्वयंपाकघरात खरोखर माझे वडीलच असतील, आणि फटीतलाच तो दुसरा असेल. तूच चुकीचा हात धरला असशील, पण शेवटी खरे वडीलच खुर्चीवर आले. मग बिघडलं कुठे?

आत्याने जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाली,

"असेलही. पण शुक्रवारी त्या डब्यामागून ज्याने हाक मारली, तो माझ्या वडिलांना 'बाबा' म्हणाला. परक्याच्या बापाला कुणी बाबा म्हणतं का?"



मी वडिलांना काही विचारलेलं नाही. काय म्हणून विचारू? ते माझ्यावर जीव ओवाळून टाकतात. आवाज चढवून कधी बोलले नाहीत. असा बाप शोधून सापडणार नाही.

पण तो दुरुस्तीवाला केव्हाच दुकान बंद करून गेला. कॉम्प्युटर पुढे कुणाला विकला, ते कुणालाच माहीत नाही. कुठल्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी भंगारात तो पिवळट डबा पडलेला असेल.

आणि त्याच्या मागे, भिंतीला पाठ लावून, एक आठ वर्षांचा मुलगा उभा असेल... अजून.

आपला नंबर कधी येणार, म्हणून.